पिवळ्या टॅगची बरणी

नामपूरहून कांदा घेऊन नाशिकला येणाऱ्या टेम्पोवाल्याने सकाळी दारात एक बरणी आणून दिली. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली, वरून सुतळी. बायको म्हणाली, लोणचं असेल, नामपूरच्या वहिनींनी पाठवलं असेल. मी सुतळीची गाठ बघितली. कारखान्यात नमुन्यांच्या पिशव्यांना आम्ही मारायचो तीच गाठ, एक टोक ओढलं की सुटणारी. लोणच्याला अशी गाठ कोणी मारत नाही. मी बरणी घेऊन बाल्कनीत गेलो आणि बराच वेळ कागद न सोडता नुसता बसून राहिलो.

चार वर्षांनी माझ्या मित्राने मला तंबाखू तपासायला पाठवली होती.

हे जरा मागे जाऊन सांगायला हवं, नाहीतर दोन म्हातारे एकमेकांना तंबाखूच्या बरण्या का पाठवतात ते कळायचं नाही. आम्ही दोघं सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटीला होतो, अठ्ठावीस वर्षं, शेजारशेजारच्या टेबलांवर. मशीनवरून आलेला नग मोजायचा आणि त्याला टॅग लावायचा, एवढंच काम. हिरवा म्हणजे पास. लाल म्हणजे बाद. पिवळा म्हणजे होल्ड, माल बाजूला थांबवून ठेवा, अजून ठरलेलं नाही. पिवळ्याचा एक नियम होता. ज्याने तो लावला त्यानेच तो काढायचा. मॅनेजरलासुद्धा त्याला हात लावता येत नसे, आणि आमच्या आयुष्यात मॅनेजरला ज्याला हात लावता येत नाही अशी ती एकच वस्तू होती.

पाइपचं वेड परदेशातून आलं. मशीन बसवायला आलेला एक गोरा इंजिनिअर जाताना आम्हाला त्याचा एक पाइप आणि तंबाखूचा अर्धा डबा देऊन गेला. पाइप एक आणि आम्ही दोन. डबा संपेपर्यंत दोघांनाही चटक लागली होती आणि तसा डबा आपल्याकडे कुठे मिळतो ते कोणालाच माहीत नव्हतं. मग दुसरा पाइप कुठूनतरी मिळवला आणि आम्ही आपलं आपणच मिश्रण करायला लागलो. एका सहकाऱ्याच्या गावाहून, आंध्रातून, व्हर्जिनियाची पिवळी गोडसर पानं यायची. सिन्नरच्या विडीवाल्यांकडून काळी, कडक तंबाखू मिळायची. दिंडोरीचे बेदाणे रात्रभर भिजत घालायचे, त्यांचं पाणी पानांवर शिंपडायचं, पानं ओल्या फडक्यात बांधून वर वजन ठेवायचं, मग कातरायची आणि सावलीत सुकवायची. वजन म्हणून कारखान्यातला बाद झालेला एक पोलादी ठोकळा होता. तो बाद का झाला होता हे मित्राला अजून तोंडपाठ आहे.

आणि तपासणी. खरी मजा तपासणीत होती. एकाने मिश्रण करायचं आणि दुसऱ्याने तपासायचं, आणि तपासणाऱ्याला त्यात काय घातलंय ते सांगायचं नाही. सगळ्या बरण्या एकसारख्या, कँटीनमधल्या कॉफीच्या, लेबलं खरवडून काढलेल्या. सोबत आम्हीच आखलेला तपासणीचा फॉर्म. रंग, कातर, ओल, वास, जळण, राख, चव, आणि शेवटी शेरा. तीन वेगवेगळ्या दिवशी तीन पाइप ओढल्याशिवाय शेरा लिहायचा नाही. मित्राचं म्हणणं असं की पहिल्या पाइपला माणूस मोहात असतो, दुसऱ्याला उगाच खुसपटं काढतो, तिसऱ्याला कुठे शुद्धीवर येतो. सातपूर कॉलनीतल्या त्याच्या गच्चीवर रविवारी सकाळी आम्ही फॉर्म घेऊन बसायचो. खाली वहिनी, म्हणजे त्याची बायको, ओरडायच्या की वाळत घातलेल्या कपड्यांना वास लागतोय. आम्ही वासाच्या रकान्यात काय लिहावं यावर भांडत असायचो.

मित्राचं नाक ही कारखान्यातली दंतकथा होती. मशीनच्या टाकीवर नुसता वाकून तो सांगायचा की यातलं तेलपाणी बदलायला आलंय, आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेचा रिपोर्ट तेच सांगायचा. पण नाकावर त्याने कधी सही केली नाही. सही करायची तर स्वतः मोजून. एकदा मोजायचं गेज दुरुस्तीला गेलं होतं, बाहेर ट्रक उभा होता, मॅनेजर म्हणाला, तुला तर दिसतंय ना माल चांगला आहे, मार सही. मित्राने चहा मागवला आणि गेज परत येईपर्यंत दीड दिवस तो तसाच बसून राहिला. ट्रकवाल्यालाही चहा पाजला. जे आपण तपासलं नाही त्याच्यावर सही करणारा माणूस त्याच्या लेखी माणूसच नव्हता.

आता मनातलं सांगतो. त्याच्या मिश्रणांना मी पाच वेळा हिरवा टॅग लावला. त्याने माझ्या मिश्रणांना एकदाही लावला नाही. लाल पुष्कळ लावले, आणि फॉर्मवर कारणंही अशी लिहायचा की वाचून कानशिलं तापावीत. एकदा चवीच्या रकान्यात त्याने नुसतं 'गोणपाट' लिहिलं होतं. मी वरून हसायचो. आतून मला तो हिरवा टॅग हवा होता. नोकरीत मला बढत्या मिळाल्या, निरोप समारंभात शाल मिळाली, पण मित्राच्या सहीचा एक हिरवा कागद मिळावा अशी जी आस होती ती कधी गेली नाही. हसू येईल तुम्हाला. मलाही येतं, पण आस होती हे खरंच आहे.

बारा वर्षांपूर्वी, निवृत्तीच्या आधीच्या हिवाळ्यात, मी जीव ओतून एक मिश्रण केलं. पानं नेहमीपेक्षा दुप्पट दिवस दाबून ठेवली. बेदाण्याचं पाणी मात्र अर्धंच घातलं, कारण मागच्या वेळी गोड फार झालं म्हणून त्याने लाल लावला होता. तीन रविवार झाले. तिसऱ्या रविवारी त्याने फॉर्म माझ्यासमोर ठेवला आणि बरणीच्या गळ्याला पिवळा टॅग बांधला. कारणाच्या जागी दोनच शब्द: 'कच्चं. थांबा.'

लाल असता तर मी भांडलो असतो. पिवळ्याने मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, एवढ्या वर्षांत पास करायची हिंमत नाही आणि बाद करायचीही नाही. तो काहीतरी समजावून सांगायला लागला होता, पण मी ऐकायला थांबलो नाही. घरी आलो आणि माझ्याकडे उरलेली सगळी तंबाखू बाल्कनीतल्या गुलाबांच्या कुंड्यांत रिकामी केली. गुलाबांवरचा मावा गेला, एवढाच त्या मिश्रणाचा उपयोग झाला असं मी पुढे दोन-तीन वर्षं सगळ्यांना सांगत होतो. मित्राकडच्या बरणीचं काय झालं ते मी विचारलं नाही आणि त्यानेही काही सांगितलं नाही.

निवृत्तीनंतर तो नामपूरला परत गेला. वडिलोपार्जित जमीन होती, कांदा होता, भावकी होती. जाताना म्हणाला होता, बरण्या चालू ठेवू. आणि ठेवल्या. कधी कांद्याच्या टेम्पोबरोबर, कधी कोणा नातेवाइकाच्या पिशवीतून बरण्या जायच्या यायच्या. फॉर्म पोस्टाने. पण गच्ची नव्हती. समोर बसून, त्याच्या कपाळावरची आठी पाहून, हा आता काय लिहिणार याचा अंदाज बांधणं नव्हतं. पाइप मी एकटा ओढायचो आणि दर झुरक्याला वाटायचं, हा आत्ता इथे हवा होता. सवय होईल म्हणून वाट पाहिली. झाली नाही.

मग कोरोनात तो आठ दिवस तापला. बाकी सगळं ठीक झालं, वास गेला. पंधरा दिवसांत येईल म्हणाले, मग सहा महिन्यांत येईल म्हणाले, मग डॉक्टर काही म्हणेनासे झाले. फोनवर त्याने मला एवढंच सांगितलं होतं की चहा आणि गरम पाणी आता त्याला एकच लागतं. त्यानंतर त्याने पाइप ओढला नाही. तपासता येत नाही ते ओढायचं कशाला, असं म्हणाला. बरण्या थांबल्या. मीही आठवड्यातून एखादाच पाइप ओढायला लागलो. बायकोला वाटलं माझ्यात सुधारणा झाली.

आणि आता ही बरणी. आत घडी घातलेला कोरा फॉर्म, दुसरं काही नाही. चिठ्ठी नाही, कारण नमुन्यासोबत चिठ्ठी पाठवायची नाही हा नियम.

झाकण निघता निघेना. शेवटी गरम फडकं गुंडाळून काढलं. आणि मग जो वास आला त्याने मी आधी झाकण परत लावलं. खरंच लावलं. एकदम सगळा घ्यायला नको असं वाटलं. जुन्या चिंचेची बरणी उघडावी तसा पहिला वास, आंबटगोड, गडद. त्याच्या खाली सुकलेलं अंजीर. त्याच्याही खाली काहीतरी ओळखीचं, जे जवळ आलं आणि नाव घ्यायच्या आत निघून गेलं. पान जवळजवळ काळं झालेलं, आणि त्यावर बारीक पांढरे कण चमकत होते. मी घाबरलो, म्हटलं बुरशी. भिंग काढून पाहिलं. बुरशी लोकरीसारखी दिसते. हे साखरेच्या चुऱ्यासारखं लखलखत होतं. पानातली गोडी वर्षानुवर्षं मुरली की अशी पृष्ठभागावर येते, हे आम्ही एका जुन्या डब्यात एकदाच पाहिलं होतं.

तीन दिवस, तीन पाइप. दुपारी चारच्या सुमाराला, बाल्कनीत, बायको झोपलेली असताना. पहिल्या दिवशी भरताना बोटांना कळलं की ओल अगदी नेमकी आहे, दाबलं तर बसतं आणि सोडलं तर पुन्हा उठतं. पहिला काडीचा जाळ दिला, ठासणीने हलकेच दाबलं, दुसरा जाळ दिला. धूर जिभेवर आला आणि जीभ अजिबात भाजली नाही. आमची घरची तंबाखू जीभ भाजायचीच. सुरुवातीला गोडसर, गवताच्या गंजीची ऊब. मध्यावर भाकरीचा पापुद्रा, तव्यावर जरा जास्त राहिलेला. शेवटाला मिरीची किंचित धार, आणि ती धार तोंडात राहते म्हणून पाइप रिकामा करावासा वाटत नाही. राख मऊ, पांढरी. दुसऱ्या दिवशी मी खुसपटं काढायला बसलो, नियमाप्रमाणे. एकही सापडलं नाही. तिसऱ्या दिवशी मी बाल्कनीत बसून चक्क रडलो. इतकं चांगलं मिश्रण मी आयुष्यात ओढलं नव्हतं, आणि समोर गच्ची नव्हती.

मग डोकं चालायला लागलं. हे मिश्रण त्याने केलं कसं? नाक नाही, चव नाही. हाताच्या आठवणीवर केलं असणार. पानाचं वजन, फडक्याची ओल, बोटांना जे कळतं तेवढ्यावर. आणि तरी हे. मला त्याचा अभिमान वाटला आणि लगोलग मत्सरही. नाक असताना मला जे जमलं नाही ते या माणसाला नाक नसताना जमलं होतं. भीती मात्र वेगळीच होती. मी नुसती स्तुती लिहिली तर त्याला वाटेल की याने दया केली. आंधळ्याच्या चित्राला सगळे छान म्हणतात तसं. माझ्याकडून त्याला दया नको होती, खरा शेरा हवा होता. आता खरा शेरा खरा वाटावा म्हणून त्यात एक दोष घालणं भाग होतं.

म्हणून मी हिरवा टॅग लावला आणि शेऱ्यात हे लिहिलं: 'उत्तम. माझ्या माहितीत याहून चांगलं नाही. एक दोष: मिश्रण करणाऱ्याने बेदाण्याचं पाणी घालताना हात आखडता घेतला आहे. कोणाच्या तरी धाकात केल्यासारखं वाटतं.' दोष मी बसल्या जागी शोधून काढला होता. लिहून झाल्यावर मला तो फार हुशारीचा वाटला. मत्सरालाही तेवढंच बरं वाटलं.

फॉर्म पोस्टात टाकला आणि पाचव्या दिवशी त्याचा फोन आला. आधी नुसता हसत होता. हसता हसता खोकला लागला, मागून वहिनी पाणी घ्या म्हणाल्याचं ऐकू आलं. मग त्याने माझा शेरा मला वाचून दाखवला. धाकाचं वाक्य दोनदा वाचलं.

"इन्स्पेक्टर," तो म्हणाला, "बारा वर्षांनी चूक सापडली तुला. माझ्याच धाकात केलं होतंस."

मला काहीच कळलं नाही. मी विचारलं, म्हणजे काय.

"तुनाच माल शे तो," तो म्हणाला. हळवा झाला की तो नामपूरच्या बोलीवर जातो, नाशकातल्या एवढ्या वर्षांनीही. "पिवळा टॅगवाला. मी काढून ठेवला फक्त टॅग."

माझाच माल. मी फोन धरून कुंड्यांकडे बघत राहिलो. बेदाणे अर्धे घातले ते मला आठवलं. गुलाब आठवले. वासाच्या तळाशी जे ओळखीचं होतं आणि नाव न सांगता निघून गेलं होतं, तो माझाच हात होता. माणसाला स्वतःचंच काम ओळखू येऊ नये, आणि त्यात वर दोष काढून तो सही ठोकून मोकळा व्हावा, असा क्वालिटीवाला मी. अठ्ठावीस वर्षांचा पगार परत मागावा कारखान्याने.

पण त्याने हे केलं का? ते फोनवर विचारण्यासारखं नव्हतं. बरणी पिशवीत घातली, पाइप घेतला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची सटाण्याची एस.टी. पकडली.

नामपूरला पोचलो तेव्हा तो आणि वहिनी कांद्याच्या चाळीत होते. उन्हाळी कांदा चाळीत भरून ठेवतात, आणि त्यात एक सडला तर शेजारचे दहा सडतात. सडका कांदा डोळ्याला दिसायच्या आधी नाकाला कळतो. पूर्वी मित्र एकटा चाळीच्या कडेने चालत जायचा आणि बरोबर त्या जागी हात घालायचा. आता वहिनी पुढे चालत होत्या आणि तो त्यांच्या मागे.

"आठे एक सडेल शे," वहिनी थांबून म्हणाल्या. त्याने हात घातला, कांदा काढला, आणि फेकायच्या आधी सवयीने नाकाशी नेला. मग तसाच उभा राहिला. मी आलेलो त्याला दिसलो नव्हतो. मला तेव्हा वाटलं की परत जावं.

जेवण झालं. वहिनी म्हणाल्या, भाऊ, तुम्ही दोघं आज अंगणातच बसा, कपडे मी काढून घेतलेत. आम्ही निंबाखाली खाट टाकून बसलो. त्याने स्वतःहूनच सांगायला सुरुवात केली. त्या रविवारी मी पाय आपटत निघून गेलो तेव्हा त्याला सांगायचं होतं ते हे, की मिश्रण कच्चं आहे पण त्यात जे आहे ते त्याच्या एकाही मिश्रणात नाही. घाईत पास केलं तर मी ते सगळं ओढून संपवलं असतं. म्हणून पिवळा. दहा वर्षं हात लावायचा नाही असं त्याने ठरवलं होतं. मग बरणी घेऊन नाशिकला यायचं, माझ्यासमोर बसून तीन पाइप ओढायचे आणि हिरवा टॅग लावायचा. मला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मी दर दिवाळीला उघडू या म्हणालो असतो. ते खरं आहे, मी म्हणालो असतो.

"दोन वर्षं बाकी होती," तो म्हणाला. "नाक गेलं तेव्हा."

चार वर्षं त्याने नाकाची वाट पाहिली. ते येत नाही हे या उन्हाळ्यात त्याने मान्य केलं, आणि मग बरणी मला पाठवली. नाव न सांगता, कारण नाव सांगितलं असतं तर मी स्वतःच्या मालाला खरे गुण दिले नसते. एकतर डोक्यावर घेतलं असतं नाहीतर बाद केलं असतं. तो मला ओळखून होता.

त्याने मला पाइप भरायला सांगितला. मी ओढायला लागलो आणि तो फॉर्मचे रकाने एकेक करून विचारायला लागला, जसं कधी काळी गच्चीवर विचारायचा. वास? चिंच, मग अंजीर. जळण? सारखं, मध्ये विझलं नाही. चव? मी सांगत गेलो. भाकरीचा पापुद्रा म्हटल्यावर त्याने डोळे मिटले. मग म्हणाला, पाइप दे इकडे. ओढला नाही. पाइपची तापलेली वाटी तळहातात धरून बसला. एवढी ऊब मला कळते, म्हणाला. त्याच्या तोंडावरून कितीतरी वर्षांनी ती आठी जाताना मी पाहिली.

मग त्याने खिशातून हिरवा टॅग काढला. कारखान्यातला, जुना, कडा पिवळ्या पडलेल्या. निवृत्तीच्या दिवशीच वेगळा काढून ठेवला होता म्हणाला. माझं नाव त्यावर आधीच लिहिलेलं होतं. पेनाचं टोपण काढून तो म्हणाला,

"तू सांगतोस तर पास हाय. मी सही करतो."

ज्याने गेज नाही म्हणून दीड दिवस ट्रक थांबवला होता तो माणूस न तपासलेल्या मालावर सही करायला निघाला होता. माझ्यासाठी. जी सही मला आयुष्यभर हवी होती ती एका वितीवर आली होती, आणि मला कळलं की मला सही कधीच नको होती. मला हा ओढताना हवा होता. झुरका घेऊन आकाशाकडे बघणारा, तीन रविवार काही न बोलणारा, आणि मग खाली बघून लिहिणारा. तो नसताना त्याची सही घेऊन मी काय करणार होतो?

मी त्याच्या हातातून पेन काढून घेतलं. म्हणालो, "होल्ड तू लावलायस. तूच तपासून काढायचा. नियम आहे."

"मंग तो पिवळाच राहील रे," तो म्हणाला.

"राहू दे."

तो वाद घालेल असं वाटलं होतं, पण घातला नाही. उठून आत गेला आणि जुना पिवळा टॅग घेऊन आला. त्यावरची शाई उडून गेली होती, 'कच्चं. थांबा.' हे शब्द आता माहीत असले तरच वाचता येत होते. बरणीत निम्मी तंबाखू शिल्लक होती. मी माझा हिरवा टॅग सोडवला, झाकण घट्ट लावलं, वहिनींनी मेणबत्ती आणून दिली, कडेने मेण ओतलं. मित्राने टॅग उलटा केला, मागची बाजू कोरी होती. त्यावर आजची तारीख घातली. मग कारणाच्या जागी काय लिहावं यावर तो विचार करत राहिला, तीच कपाळावरची आठी घालून, आणि मीही त्याच्या तोंडाकडे बघत अंदाज बांधत राहिलो.

शेवटी त्याने लिहिलं, 'तपासनीस उपलब्ध नाही.' खाली सही केली, आणि टॅग बरणीच्या गळ्याला आमच्या गाठीने बांधून बरणी माझ्या हातात दिली.